बैलाचा खुराक

आबा, गोठ्यात आता मी मोटारसायकल लावतो. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी गव्हाण मात्र काढलेली नाही. आई म्हणते काढ, जागा होईल, आणि मी दर रविवारी 'बघू' म्हणतो. बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्यात. हे तुमच्या कानावर गेलं असतं तर हातातला घास टाकून तुम्ही शर्यतीच्या घाटाकडे निघाला असता. परवा चाकणहून येताना टेम्पोत उभी केलेली एक जोडी दिसली, गुलालाने माखलेली, आणि मला आठवलं ते वर्ष, ज्या वर्षी तुम्ही मला बैलासारखं पोसलंत. ही तक्रार नाही. तुम्ही ती तक्रार समजून बसाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

शर्यतींवर बंदी आली आणि आपला बैल विकावा लागला, तेव्हा चार लोकांत तुम्ही हसत होता. 'खायला काळ आन् भुईला भार झाला व्हता,' म्हणालात. घरी आल्यावर मात्र रिकाम्या दाव्याची गाठ सोडायला तुम्हाला फार वेळ लागला. त्याच सुमारास मी कंपनीत लागलो होतो आणि शिफ्ट सुटली की चाकणच्या एका जिममध्ये जायचो. अंगकाठी तुमचीच, काटकुळी. बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उतरायचं म्हणालो तर तिथले सर म्हणाले, 'भावा, आधी माल भर. शेप नंतर काढू.' माल भरायचा म्हणजे दर दोन-तीन तासांनी खायचं, भूक असो नसो, पोट नाही म्हणालं तरी. घरी सांगितलं तेव्हा आईने कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र बैल गेल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळून बघितलंत. 'खुराक म्हंतोस व्हय? मग त्यात काय. त्ये मला येतंय.'

आणि खरंच येत होतं. उडदाची डाळ भिजत घालायची, सकाळी वाटून कणकेत मळायची, त्यात गूळ, तूप, वरून अंडी फोडायची. शर्यतीआधी बैलाला द्यायचात तेच सगळं. पेंड तेवढी वगळलीत, तीही आई ओरडली म्हणून. माणसाला कच्चं पचत नाही असं म्हणत ती तो गोळा तव्यावर परतून द्यायची, एवढाच काय तो माझ्यात आणि बैलात फरक. मग तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसायचात, गुडघ्यांवर कोपरं टेकून, आणि शेवटचा घास खाली उतरेपर्यंत हलायचा नाहीत. एकदा तर सवयीने तुमचा हात माझ्या गळ्यावरून खाली फिरला. मी म्हटलं, 'आबा, मी काय बैल हाय का?' तर म्हणालात, 'न्हाई. बैल येवढं त्वांड वाकडं करत न्हाई.' आई पदर तोंडाला लावून हसत राहिली.

अंग भरलं. शर्टाच्या बाह्या दंडावर उसवायला लागल्या, गावातली पोरं 'काय राव, काय बॉडी' म्हणायला लागली. तुम्ही पारावर माझं कौतुक सांगताय हे मला दुसऱ्यांकडून कळायचं. मग पोटही भरलं, मान भरली. काखेजवळ कातडी ताणून जांभळ्या रेघा उठल्या, त्या अजून आहेत, फक्त पांढऱ्या झाल्यात. कंपनीत जिना चढून कँटीनला जाईपर्यंत धाप लागायची. लाईनवरचे मित्र 'हत्ती आला, वाट द्या' म्हणायचे आणि मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायचो. झोपेत मी इतका घोरायचो की आई येऊन बघायची, आणि घोरणं मध्येच थांबलं की जास्तच घाबरायची. जेवणाची वेळ जवळ आली की नको नको व्हायचं, आबा, शाळेत पाढे म्हणायला उभं राहण्याआधी व्हायचं तसं. आणि एवढं करून आरशासमोर उभा राहिलो की मला मी अजून कमीच दिसायचो. पुढे पुढे तर वाकून सेफ्टी शूजची नाडीही बांधता येईना. कंपनीची बस चौकात यायच्या आधी मी पायरीवर बसायचो आणि तुम्ही खाली बसून माझ्या नाड्या बांधायचात. बापाने पोराच्या पायाला हात लावायचा म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी मी दुसरा पाय पुढे करायचो.

तुम्हाला कळलं ते भाद्रपदातल्या पोळ्याला. घरात बैल नसलेला तो पहिला पोळा. आईने मातीची जोडी पाटावर मांडून पूजा केली, पण पहिली पुरणपोळी बैलाच्या तोंडात द्यायची, मगच माणसांनी जेवायचं, ही आपली रीत. ती पोळी हातात घेऊन तुम्ही गोठ्यापर्यंत गेलात, दारात थोडं थांबलात आणि परत येऊन मला दिलीत. सकाळपासून माझं तीनदा खाऊन झालं होतं. मी ती पोळी खाल्ली. तिच्यामागून आणखी खाल्ल्या, कारण तुमचं तोंड बघून नाही म्हणवेना. मग गोठ्यामागे जाऊन सगळं ओकलो. मागे वळलो तर तुम्ही तांब्या घेऊन उभे.

'रोज व्हतंय का?' तुम्ही विचारलंत.

मी चूळ भरत राहिलो.

'सांगायचं न्हाई व्हय?' बराच वेळ तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. मग म्हणालात, 'बैल पळून जिरवतो. तू मशिनीपुढं हुबा ऱ्हातोस. माझ्या ध्यानातच आलं न्हाई. माझं चुकलं, पोरा.'

मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही मान हलवलीत, पण ते तुम्हाला पटलं नव्हतं. त्यानंतर लवकरच कंपनीच्या तपासणीत माझं ब्लड प्रेशर निघालं आणि तुम्ही ते कायमचं स्वतःच्या नावावर लावून घेतलंत. जिम सुटलं, स्टेजवर मी कधी गेलोच नाही. वजन हळूहळू उतरलं, औषध मात्र चालू राहिलं. ते घेतलं का, हे तुम्ही शेवटच्या आजारपणातही विचारत होता, स्वतःला दोन घास जात नव्हते तेव्हा. पण मधल्या सगळ्या वर्षांत मी ताट घेतलं की तुम्ही काहीतरी निमित्त काढून अंगणात जायचात. आईने कितीदा बोलावलं, तुम्ही 'आलो' म्हणायचात आणि यायचा नाहीत. पोराला घास गिळताना बघणं तुम्हाला सोसत नव्हतं.

हे मी आईला वाचून दाखवणार नाही, उगाच रडेल. तुम्हाला तर अक्षर कधी लागलंच नाही, तेव्हा हे घडी करून घरातच राहील. पण त्या दिवशी गोठ्यामागे मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. मला कधीही पुरे म्हणता आलं असतं. सर काही घरी येऊन ताट बघत नव्हते. पण लहानपणी तुम्ही माझ्याबरोबर जेवायला बसलेले मला आठवत नाही. बैलाचं खाऊन होईपर्यंत तुम्ही गोठ्यात असायचात आणि तोवर मी झोपलेला असायचो. त्या एका वर्षी तुम्ही रोज माझ्यासमोर बसलात. मला भूक नव्हती, आबा. तुम्ही उठून जाऊ नये म्हणून मी खात होतो.