लोकरीच्या चड्ड्या

कोचकोर, १२ नोव्हेंबर

प्रिय झिपार एजे,

तुला आणि भाऊजींना धाकट्या बहिणीचा सलाम. बटाटे निघाले, मेंढरं डोंगरावरून सुखरूप उतरली. तुझा मेहुणा एमिल मजेत आहे, लग्नानंतर चांगलाच सुटलाय. पत्र गाडीवाल्याबरोबर पाठवतेय, कारण मी फोन घेतला की सासरे रेडिओ बारीक करतात.

मी अगदी बरी आहे, हे आधीच सांगते. पुढे मी त्या मलमाची अजून एक ट्यूब मागणार आहे आणि तू तिकडे नारीनच्या दवाखान्यात उगाच घाबरशील.

तू म्हणालीस तसंच केलं. खालची खाज म्हणजे बुरशी, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे तुझ्याकडून ऐकलं तेव्हाच निम्मं दुखणं गेलं. सोड्याने धुणं थांबवलं, सुती कपडे घातले, मलम सांगितलंस तितके दिवस लावलं. आता समोवारपाशी बसून सगळ्यांना चहा ओतताना चुळबुळ होत नाही.

इथे बाईला काहीही झालं की ती गार दगडावर बसली असणार, हे तुला ठाऊकच आहे. सासूबाईंनीही तेच ठरवलं. अंग गारठलं तर मूल राहणार नाही, म्हणून त्यांनी मला लोकरीच्या जाड चड्ड्या विणून दिल्या. जितकी ऊब, तितकी खाज. पण नाही कशी म्हणणार? पाळणा हलला नाही की बोट सुनेकडेच.

मलम सुरू झाल्यावर मी त्या चड्ड्या रजयांच्या ढिगाखाली दडवल्या. परवा पाहुण्यांसाठी रजया काढताना त्या नेमक्या सासूबाईंच्या हाती लागल्या. माझी गाळण उडाली. आता माहेरी धाडतात, असंच वाटलं. पाहुणे गेल्यावर मी सगळं खरं सांगून टाकलं, तुझं नावही घेतलं.

त्या बराच वेळ चड्डीचा धागा ओढत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, ते मलम म्हाताऱ्या बाईला चालतं का?"

"कधीपासून आहे, आपा?"

"सून होऊन आले तेव्हापासून. जातं, परत येतं. माझ्या सासूने लोकर दिली, मी ती वाढवत गेले."

एजे, मला रडू आलं. इतकी वर्षं एकाच घरात राहून कुणाला सांगायचं नाही म्हणजे काय.

त्यांना अलीकडे तहानही फार लागते. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासावी, असं तूच म्हणाली होतीस. तेव्हा ट्यूब काढून ठेव, पण आधी त्यांना तपास. शुक्रवारी मीच घेऊन येते. सासऱ्यांना सांगितलंय, नारीनला लोकर विकायला चाललोय.

त्यांना रागावू नकोस. त्या चड्ड्या त्यांनी मायेनेच विणल्या होत्या.

आज सकाळी समोवारपाशी, सुनेच्या जागी, त्या स्वतः बसल्या. सासरे बघतच राहिले. चहाची पहिली वाटी आपांनी माझ्या हातात दिली.

तुझी, आणि आता थोडी आपांचीही,
बुरुल