जपानला न गेलेली कांदापात

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

चीन जागतिक व्यापार संघटनेत गेल्यापासून आपली कांदापात जपानला जाते. तिथे फवारणीचं औषध मोजतात, म्हणून इथे बंदरावर आधी मी मोजते. मंगळवारी तुमची खोकी आली. औषध जास्त निघालं.

मुकादम लू म्हणाले, "बापाचाच माल ना? मार शिक्का!"

मी मारला नाही. तिकडे हा माल पकडला गेला असता, तर सगळ्या गावाचा माल बंद झाला असता.

तुम्ही रागावला असाल. पुढच्या वेळी फवारणीनंतर पात कापायला पंधरा दिवस थांबाल ना?

परतीच्या ट्रकात तुमची खोकी मीच चढवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तुमचीच,
चिनलान