तळघरातली धुण्याची खोली

१० जानेवारी

खोटं बोललो. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालो, तरी धाकट्या भावाशी खोटं बोललो — तेही फोनवर, कॉफी ढवळत ढवळत!

तळघरातली आईची मुरंब्यांची खोली मी रिकामी केली आहे. तिथे आता बियर करायची. इतके दिवस स्वयंपाकघरात करत होतो, पण नाताळच्या आधी सातूचा काढा उतू गेला आणि शेगडीला जो चिकटला तो अजून सुटलेला नाही. मार्लिस म्हणाली, "एक तर ते पातेलं खाली जाईल, नाहीतर मी माझ्या बहिणीकडे जाईन." चाळीस वर्षांच्या संसारात बायको कधी खरं बोलते ते कळतं. पातेलं खाली गेलं. पण खाली मोठं सिंक हवं, गरम पाणी हवं, फरशीतून पाणी जायला वाट हवी. म्हणजे प्लंबर आला. आणि आमच्या भागात माझ्या या धाकट्या भावासारखा, ड्वेनसारखा, प्लंबर नाही.

"कशाला रे खाली सिंक?" ड्वेनने विचारलं.

"वॉशिंग मशीन खाली नेतोय. मागच्या पडवीत नळ गोठतात."

निघून गेलं तोंडातून. पुढच्या रविवारी येतो म्हणाला.

११ जानेवारी

लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढे विसरल्याचं सोंग घेता येणार नाही.

गेल्या मार्चमध्ये ड्वेनची व्हॅन तळ्याकाठच्या चरात गेली. तर्र होता. मी त्याला दवाखान्यातून घरी आणलं, त्याच्या फ्रिजमधले बियरचे अठ्ठावीस कॅन एकेक करून सिंकमध्ये ओतले आणि वर भाषणही ठोकलं. तो पलंगावर बसून लहान पोरासारखा रडत होता. मी म्हणालो, "आजपासून मीही सोडली. माझ्या घरात थेंब येणार नाही. तू एकटा नाहीस."

पाळलं. सप्टेंबरपर्यंत. मग पोस्टातून निवृत्त झालो, दिवस खायला उठला आणि माळ्यावरचं बियरचं जुनं पातेलं खाली काढलं. स्वतःची समजूत घातली — हे पिण्यासाठी नाही, करण्यासाठी आहे. वा रे वा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ड्वेनने दारू सोडून दहा महिने होत आले. चर्चच्या तळघरात दारू सोडलेल्यांची बैठक भरते. तिथे तो दर वेळी सांगतो, "माझ्या भावाने माझ्यासाठी सोडली." मला लाज वाटते. नुसतं लिहितानासुद्धा कान गरम झाले.

१८ जानेवारी

ड्वेन आला. सिंक पाहून हसला. "एवढं मोठं? हत्तीचे कपडे धुणार का?"

"मार्लिसच्या रजया असतात."

वर मार्लिसने भांडं आपटलं. तिच्या नावावर खोटं खपवलेलं तिला मुळीच आवडत नाही.

मग तो प्रसंग. जिन्याखालच्या कपाटात बियरचा मोठा काचेचा बुधला ठेवलाय, वर टॉवेल गुंडाळून. आतला माल आंबतोय, बुचातल्या नळीतून बुडबुडे येतात. ड्वेनने फरशी फोडायचं मशीन बंद केलं आणि त्या शांततेत — बुडुक. बुडुक. बुडुक.

"हे काय?" ड्वेन.

"पंप. तळघरात पाणी येतं ना, त्याचा."

पंप! वीस वर्षं लोकांचे पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं! त्याने मान तिरकी करून जरा वेळ ऐकलं. "जुना असेल," म्हणाला आणि परत मशीन सुरू केलं.

२५ जानेवारी

मार्लिस: "तू सांग, नाहीतर मी सांगते." मी: "सांगतो, सांगतो." नाही सांगितलं.

८ फेब्रुवारी

आज सांगायचंच असं ठरवून ड्वेनबरोबर तळ्यावर गेलो. बर्फाला भोक पाडलं, गळ सोडले आणि दोघं उलट्या बादल्यांवर बसलो. मी नुसता घसा साफ केला, तेवढ्यात तोच बोलायला लागला. परवा एका घरी काम करत होता, त्या लोकांच्या फ्रिजमध्ये बियर दिसली. "अर्ल, व्हॅनमध्ये जाऊन बसलो. किल्ली लावली, दारूच्या दुकानाकडे निघणारच होतो. मग तू आठवलास. म्हटलं, अर्ल नाही पीत, तर मी कशाला?"

मी गळ पाहत बसलो. मासा एकही लागला नाही. बरंच झालं, माशाच्या नजरेला नजर देण्याचीही माझी लायकी नव्हती.

२२ फेब्रुवारी

काम पुरं. सिंक सरळ, गरम पाणी धो धो, फरशीला असा उतार की ओतलेला पेला दहा सेकंदांत गायब. त्याने स्वतः ओतून दाखवला. पाणीच.

"सुंदर खोली झाली रे," तो म्हणाला. मुद्दाम म्हणाला का? चोराच्या मनात चांदणं.

१ मार्च

पंधरा तारखेला ड्वेनला वर्ष पूर्ण होतंय. वर्षभर न प्यायल्याचं नाणं मिळतं बैठकीत. ते कोणीतरी आपल्या माणसाने हातात द्यायचं असतं.

"तू देशील?" त्याने विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं. "देईन की!" म्हणालो, आणि वर त्याच्या पाठीवर थापही मारली. स्वतःची शिसारी आली.

१५ मार्च

दिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. माझा तळवा इतका घामेजला होता की नाणं निसटलं आणि खुर्चीखाली घरंगळत गेलं. ड्वेनने वाकून उचललं, हसला. म्हणाला, "हा माझा भाऊ अर्ल. गेल्या मार्चमध्ये मला घरी घेऊन आला."

बस, एवढंच. पुढच्या 'माझ्यासाठी सोडली' या नेहमीच्या वाक्याची मी खाली मान घालून वाट पाहत होतो. ते आलंच नाही. आधी हायसं वाटलं. मग घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत राहिलो.

कोपऱ्यातल्या टेबलावर कॉफी आणि केक होता. मी केक खाल्ला. दोन तुकडे. मी कसला माणूस आहे!

१६ मार्च

बाजारातून आलो तर तळघराच्या खोलीला नवं कोरं कुलूप. मार्लिस म्हणाली, "ड्वेन येऊन बसवून गेला. मी काही सांगितलं नाही, शपथ."

टेबलावर दोन किल्ल्या आणि प्लंबरच्या पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी — "तो पंप नव्हता. किल्ल्या दोनच आहेत. कुठे ठेवतोस ते मला सांगू नकोस, आणि मी कधी मागायला आलो तर देऊ नकोस."

मार्लिस दोनदा म्हणाली, उचल त्या. मला उचलवत नाहीत.