मामांचा प्लेअर आणि माझं लिनक्स

३ फेब्रुवारी, शनिवार
दैवशालानं माहेराहून, तामलवाडीहून, मामांचा एमपीथ्री प्लेअर आणला. मामा, म्हणजे माझे सासरे लिंबाजी, जन्मभर देवीच्या आराधी मेळ्यात गायले. आता त्यांचा आवाज एवढ्या डबीत उरलाय. पुढच्या रविवारी वर्षश्राद्ध, तेव्हा पाहुण्यांना गाणी ऐकवायची. डबीचं बटण गेलंय, म्हणून गाणी कॉम्प्युटरवर घ्यायची. मेहुणा बालाजी फोनवर म्हणाला, "तुमी नका तरास घेऊ दाजी, मी बघतो गान्याचं." हा बघणार! शाळेत कॉम्प्युटर कोण शिकवतं? घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज सोडून लिनक्स कुणाकडं आहे? अख्ख्या कळंबात फक्त माझ्याकडं. अडाण्यांना झेपत नाही.

४ फेब्रुवारी
जोडला. दिसेना. प्लेअर हलका माल आहे.

६ फेब्रुवारी
केबल बदलली. दिसेना. शाळेतल्या विंडोजवर लगेच दिसला. दिसणारच. त्या सिस्टिमला चव नाही, येईल ते गिळते. तिथून गाणी घेणार नाही म्हणजे नाही.

७ फेब्रुवारी
दैवशाला म्हणाली, "आवो, हट्ट कशाला? बालाजीला द्या की." हिला हट्ट आणि तत्त्व यातला फरक कळत नाही. भांडण. भाजीत मीठ नव्हतं.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
दिसला! पण उघडत नाही. आतली फाइल सिस्टिमच जुनाट. इंटरनेटवर कुणा जर्मन माणसानं लिहिलंय, फॉरमॅट करा. स्क्रीनवर प्रश्न आला: सगळं पुसलं जाईल, चालेल का? असले प्रश्न नवख्यांसाठी असतात. हो म्हटलं.

९ फेब्रुवारी, चहानंतर
झटक्यात उघडतो आता. रिकामा आहे.

१० फेब्रुवारी
पुसलेलं परत आणायला रिकव्हरी लावली. एकच फाइल आली, तीत नुसती खरखर. दैवशालाला सांगितलं, काम होत आलंय. तिनं खूश होऊन शिरा केला. तिच्या बापाचा आवाज मी पुसला, हे कुठल्या तोंडानं सांगू? चूक त्या जर्मनाची.

११ फेब्रुवारी, तामलवाडी
सगळी भावकी मांडवात. 'तांत्रिक कारणास्तव' असं भाषण पाठ करून उठलो, तोवर बालाजीनं स्पीकरला मोबाइल जोडला आणि मामा गायलाच लागले. त्याच्याकडं सगळी गाणी होती! आधी का नाही सांगितलं, विचारलं तर म्हणतो, "तुमी एवढ्या हौसेनं करायलाव, म्हणलं करू द्यावं." हलकट.

गाणं संपलं. रेकॉर्डिंग चालूच. स्पीकरवर मामा बोलले, "बालाजी, हे समदं आधी तुझ्या मोबाइलात घेऊन ठिव. कळंबच्या पाव्हण्यांच्या हातात ही डबी गेली का पुसलीच म्हणून समज. मानूस वाईट न्हाय. पर त्यास्नी काय येत न्हाय, आन् ते त्यास्नी ठावं न्हाय."

मांडव हसला. दैवशालाही हसली, मामा गेल्यापासून पहिल्यांदा. मग रडली. मग तिनं माझ्याकडं हात पुढं केला. प्लेअर दिला.

रेकॉर्डिंगची क्वालिटी बरी नव्हती. येताना एसटीत तिला तसं सांगितलं. तिनं प्लेअर पर्समध्ये टाकला आणि पर्स काढून दुसऱ्या खांद्याला लावली. खिडकीकडच्या.