बॅटरीच्या गाडीविषयी खरे ते, आणि बाकी सर्व मालमत्ता

मी, व्हर्ना टेस्मर, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार घर क्रमांक एकोणीस, पेलिकन गल्ली, सायप्रस हॉलो, फ्लोरिडा, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकतील अशी माणसे एकतर वारली आहेत किंवा मला घाबरतात. मी रागात आहे, पण तो काही आजार नव्हे, हे माझ्या वकील ग्लोरिया एस्पिनोझा यांनीही मान्य केले आहे.

कलम १. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द. विशेषतः गेल्या नाताळच्या आठवड्यात केलेले. त्यात माझा एकुलता एक मुलगा कर्टिस याला घरातला चमचासुद्धा मिळणार नव्हता. कारण म्हणून मी लिहिले होते की त्याने माझ्या गळ्यात बांधलेल्या बॅटरीच्या गाडीमुळे माझी धाकटी बहीण आर्लिस एकटी मेली. ते कारण खोटे आहे. खरे काय ते या कागदात येईल, पण त्याआधी मला बाकीच्या वस्तू वाटून लिहिण्याचा हात बसवू द्या.

कलम २. हत्यारे. गॅरेजमधली लाल पेटी, तिच्यातले सगळे पाने, स्पार्क प्लगचा पाना आणि कार्ब्युरेटर साफ करायचे ब्रश, हे आमच्या निवृत्तांच्या वसाहतीच्या कार्यशाळेला द्यावे. एकतीस वर्षे मी विस्कॉन्सिनमध्ये होड्यांची इंजिने जुळवली. कारखान्यात फोरमन मला बोलवायचा आणि म्हणायचा, "व्हर्ना, हे ऐक, याला काय झालंय?" मी ऐकायची आणि सांगायची. पेटीला कोणी माझ्या नावाची पितळी पट्टी लावू नये. हत्यारे वापरावीत आणि वापरून झाल्यावर पुसून ठेवावीत.

कलम ३. रूडीची पेट्रोलची गाडी. जे आपल्याकडे नाही ते देता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. तरी हे कलम राहू द्यावे.

माझे यजमान रूडी आणि मी इथे राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती जुनी पिवळी गोल्फ कार्ट घेतली. गोल्फ आम्ही दोघेही कधी खेळलो नाही. इथे किराण्याला, चर्चला, दाताच्या डॉक्टरकडे, चौकातल्या नाचाला, सगळीकडे माणूस कार्टनेच जातो, मोटार गॅरेजमध्ये धूळ खाते. तिचे इंजिन आम्ही दोघांनी उघडून पुन्हा बसवले. टाकी भरली की आठवडाभर बघायला नको. रूडी गेल्यावर मोटार विकली आणि मी तीच गाडी चालवत राहिले. मग माझे खुब्याचे ऑपरेशन झाले, आणि घरी आल्यावर एका सकाळी मी इंजिन चालू ठेवून, गॅरेजचे दार बंद ठेवून, फोन घ्यायला आत गेले. घरातला विषारी धुराचा भोंगा वाजला. समोरच्या मर्लीन फिस्टरने येऊन दार उघडले, आणि त्याच दुपारी कर्टिसला फोनही केला. हा फोन मी तिला कधीही माफ केलेला नाही.

कलम ४. मर्लीन फिस्टर हिला मी काहीही देत नाही. तिने वसाहतीच्या समितीकडे माझ्या इंजिनाच्या आवाजाबद्दल दोन लेखी तक्रारी केल्या. तिच्या स्वतःच्या गुलाबी कार्टला छताभोवती झालर आहे आणि ती गाडी मागून येऊन उभी राहिली तरी कळत नाही. काहीही मिळत नसल्यामुळे ती साक्षीदार म्हणून चालते, म्हणून तिला बोलावले आहे. दुसरे काही कारण असेल तर ते पुढे दिसेल.

कलम ५. बॅटरीची गाडी. ही निळी गाडी आता माझ्या नावावर आहे. ती कशी आली ते लिहिते, कारण दीड वर्ष मी ही गोष्ट सगळ्यांना अर्धीच सांगितली आहे.

एप्रिल २०२३ मध्ये कर्टिस टँपाहून आला आणि मला कार्टच्या दुकानात घेऊन गेला. विक्रेता तरुण होता, त्याचे दात फार होते. तो म्हणाला, "आजी, पेट्रोलची घ्याल तर लांब जाल, दोन मिनिटांत टाकी भरेल. पण तेल बदला, पट्टा बदला, वास सोसा. बॅटरीची घ्याल तर रात्री प्लग लावायचा, सकाळी निघायचं. आवाज नाही, धूर नाही."

"आणि पाच वर्षांनी सगळ्या बॅटऱ्या फेकायच्या," मी म्हणाले. "चढावर रडायचं. आणि मधेच मेली तर काय, हातात डबा घेऊन वीज आणायची?"

कर्टिस म्हणाला, "आई, तू गॅरेजमध्ये गुदमरून मेली असतीस."

"पण मेले नाही ना!"

"मर्लीनमुळे नाही मेलीस. आई, मी दोन तासांवर राहतो. मला रोज सकाळी उठून हाच विचार करायचा नाहीये. माझ्यासाठी घे."

मी सही केली. पिवळी गाडी बदल्यात गेली. जाताना विक्रेत्याने तिचे इंजिन चालू केले आणि चोक इतका ओढला की मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. दुकानाबाहेर कर्टिसने मला समजावले: सीटखाली सहा बॅटऱ्या आहेत, इथल्या उन्हात त्यांच्यातले पाणी उडते, महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज झाल्यावर झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचे. नळाचे नाही. पाण्याचे दोन कॅन त्याने स्वतः गॅरेजमध्ये ठेवले. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो फोन करायचा.

"आई, बॅटरीत पाणी घातलंस का?"

"घातलं."

एकतीस वर्षे इंजिने जुळवलेल्या बाईला तिचा मुलगा पाणी घालायची आठवण करतो, याचा मला संताप यायचा.

कलम ६. आर्लिस. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. हायवेपलीकडच्या शुश्रूषागृहात होती. तिला नावे आठवायची नाहीत, पण संध्याकाळी पाच वाजता दाराकडे बघायचे हे तिला आठवायचे, कारण पाच वाजता मी यायची. दुसऱ्या कोणाच्या हातून ती जेवायची नाही, तोंड घट्ट मिटून बसायची. नर्स म्हणायच्या, "तुमची वाट बघतायत." मी सूप भरवायची आणि ती सगळे संपवायची. तीन वर्षांत मी एक दिवस चुकवला नव्हता. ऑपरेशनच्या काळात कर्टिसने मला चाकांच्या खुर्चीतून तिकडे नेले होते.

सप्टेंबरच्या एका गुरुवारी सकाळी फोन आला की तिला धाप लागली आहे, डॉक्टर म्हणतात आज-उद्या. मी तडक गेले, दुपारभर बसले, तिच्यासाठी धुतलेला नाइटगाऊन घ्यायला घरी आले आणि साडेचारला परत निघाले. हायवेखालच्या बोगद्यात चढ लागतो. तिथे गाडी थांबली.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. दफनाच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये, हॅमच्या ताटांसमोर, पन्नास माणसांदेखत मी कर्टिसला म्हणाले, "तुझ्या त्या खेळण्याने माझ्या बहिणीला मारलं." आता पुढचे.

त्या बॅटऱ्यांत मी पाणी घातले नव्हते. एप्रिल ते सप्टेंबर, एकदाही नाही. विसरले नव्हते. झाकण उघडायचेच नाही असे ठरवले होते. ऑगस्टपासून गाडी चढावर रांगायला लागली होती आणि मला आनंद होत होता. अजून थोडी बिघडू दे, मग कर्टिसला दाखवते, असे मी मनात म्हणत होते. आर्लिसकडे जायला माझ्याकडे तेवढीच एक गाडी आहे हे मला पक्के ठाऊक होते आणि तरीही मी ती गाडी मरू देत होते, कारण मला माझे म्हणणे खरे करायचे होते.

शिवाय बोगद्यात मागून मर्लीनची गुलाबी गाडी आली.

"व्हर्ना, बस माझ्या गाडीत. कुठे जायचंय?"

"जा तू. चालू होईल ही."

"अगं, आर्लिसकडे ना? बस, हट्ट नको करूस."

"तुझ्या झालरीत बसण्यापेक्षा मी चालत जाईन!"

ती गेली. मी काठी टेकत चालायला लागले. नवा खुबा, सप्टेंबरचे ऊन, चढ. पाऊण तासाने मर्लीन परत आली, उतरली, माझ्या काखेत हात घालून तिने मला सीटवर बसवले आणि शुश्रूषागृहाच्या दारात सोडले. मी खोलीत पोहोचले तेव्हा सहाला दहा मिनिटे होती. आर्लिस साडेपाचला गेली होती. चेहरा दाराकडे होता. पहिल्यांदा विचारले तेव्हाच बसले असते तर मी पाच वाजता तिथे असते.

दफनानंतर कर्टिस गॅरेजमध्ये गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, त्याला ठाऊक नव्हते. त्याने सीट उचलली, सहाही बॅटऱ्यांची झाकणे काढली, टॉर्च लावून आत बघितले. आतल्या पट्ट्या कोरड्या पडून पांढऱ्या झाल्या होत्या. कोपऱ्यातले दोन्ही कॅन सीलबंद होते, तेही त्याने बघितले. मग त्याने एकेक झाकण परत बसवले. बाहेर येऊन घरी आलेल्या पाहुण्यांना म्हणाला, "बॅटऱ्या मी स्वस्तातल्या घेतल्या. चूक माझीच झाली."

नव्या बॅटऱ्या त्याने दुसऱ्या दिवशी बसवल्या. आता पाणी घालायला तो महिन्यातून एकदा दोन तास गाडी चालवत येतो आणि मला काही विचारत नाही. त्याचा मला राग येतो. मर्लीनचाही येतो, कारण दीड वर्षात गल्लीतल्या एकाही माणसाला तिने बोगद्यातली गोष्ट सांगितलेली नाही. दोघांनी मिळून मला खोटे बोलत राहू दिले. माझा स्वतःचा किती राग येतो ते या कागदावर मावणार नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "व्हर्ना, मृत्युपत्रात एवढं लिहीत नाहीत." मी म्हणाले, "मग कुठे लिहितात ते सांगा, तिथे लिहिते."

कलम ७. बँकेतली ठेव अर्धी ईव्हेट बाप्तिस्त हिला द्यावी. ती शुश्रूषागृहात काम करते. त्या दिवशी तिची पाळी चार वाजता संपली होती. ती घरी गेली नाही, आर्लिसचा हात धरून बसून राहिली. मी तिचे नीट आभारही मानले नाहीत, उलट "सूप का नाही भरवलंस?" म्हणून ओरडले. उरलेली अर्धी ठेव कर्टिसला.

कलम ८. घर, घरातले सामान, चमचे धरून, आणि निळी गाडी हे सर्व कर्टिस टेस्मर याला. गाडी त्याने विकावी, ठेवावी, काहीही करावे. पेट्रोल की बॅटरी यावर माझे मत आता कोणी विचारू नये. दोन्ही चालतात.

कलम ९. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. हे तसे उघडू नये. येत्या रविवारी, सोळा मार्चला, कर्टिस जेवायला येईल. जेवण झाल्यावर हे मी त्याच्यासमोर पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. कलम सहाला माझा आवाज गेला तर पुढचे मर्लीनने वाचावे, तिला सगळे माहीतच आहे. त्यानंतर कर्टिसला माझ्यावर ओरडायचे असेल. दीड वर्ष त्याने ते गिळून ठेवले आहे. तो हक्क या कलमान्वये मी त्याला देते, माझ्या हयातीत, पूर्णपणे आणि कोणतीही अट न घालता. तो बोलत असेपर्यंत मी मध्ये एक शब्दही बोलणार नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून पाहिला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: व्हर्ना टेस्मर

साक्षीदार १: मर्लीन फिस्टर, घर क्रमांक बावीस, पेलिकन गल्ली
साक्षीदार २: ड्वाइट हॉलिस, वकीलबाईंचे कारकून

स्थळ: सायप्रस हॉलो, फ्लोरिडा
दिनांक: मंगळवार, ११ मार्च २०२५