आत्याच्या हाती कोयता

शहागड, ६ एप्रिल २०२५

चि. कल्याणला भागवतकाकाचे अ. उ. आ.

तुझा सिनेमा सगळ्या गावानं मोबाइलवर पाहिला. पुंजारामनं भर हॉटेलात मला विचारलं, की घरातले कोयते कुलपात ठेवता ना.

अरे, तुझी आत्या नऊ वर्षं गोळ्या घेते, कुणाच्या अंगावर कधी धावून गेली नाही. आवाज नदीपलीकडून हाक मारल्यासारखे येतात, हे तिनं तुला सांगितलं. तेच वाक्य तू पडद्यावरच्या बाईच्या तोंडी घातलंस आणि लेकरामागे धावायला तिला कोयता दिलास! वंदना सांगायला तयार नव्हती. घरचं पोरगं आहे, लोकांना हा आजार म्हणजे काय ते नीट समजेल, असं मीच तिला पटवलं. जन्मभर मांत्रिकांविरुद्ध भाषणं केली. गावाला तिची भीती घालणं त्यांना जमलं नाही, ते माझ्या पुतण्यानं केलं.

कुरडयांचा चीक दरसाल घरोघरी तीच शिजवून देते. यंदा झुंबरबाईनं निरोप धाडला, की ताईंना आराम करू द्या. ती आता कुणाच्या अंगणात जाईल? आधी उत्तर दे, मग लोभाचं बघू.

भागवत

मुंबई, १२ एप्रिल

ती. काकांस सा. न. वि. वि.

कोयता निर्मात्यांनी घातला. गोळ्या घेऊन बरी राहणारी बाई कोण बघणार, म्हणाले. मी भांडलो, पण पहिला सिनेमा हातचा जाईल म्हणून गप्प बसलो. आत्याचं नाव कुठेच नाही. पात्रं काल्पनिक असल्याची पाटीही आहे. दुसरा भाग ठरलाय, त्यात तिला बरी झालेली दाखवीन. तिला अजून थोडं सांगायला सांगाल का? रागावलात तरी माया कमी करू नका.

आपला कल्याण

शहागड, २० एप्रिल

चि. कल्याणला अ. आ.

दादानं तुझं पत्र वाचून दाखवलं, मंग फाडलं. मी म्हणाले, अक्षर तरी बघायचं पोराचं.

बोलावलं न्हाई तरी परवा झुंबरबाईकडं गेल्ते. चीक खाली लागून राह्यला होता. मी चाटू घ्यायला हात पुढं केला, तर तिनं नातवाला घरात नेलं. वीस वर्षं मला बघून राह्यली ती, तुझा सिनेमा दोन तास.

काल अंबडच्या डॉक्टरांनी विचारलं, परत आवाज येतात का. मी न्हाई म्हणाले. आधी त्यांना सगळं बराबर सांगायचे. खरं काय, ते दादाला सांगितलं न्हाई, तुलाबी सांगणार न्हाई.

वेळेवर जेवत जा. आमच्यावर लोभ ठेव.

तुझी आत्या वंदना