शुक्रवारची जपानी गोष्ट

बाबा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि ती जपानी गोष्ट अजून चालूच आहे. समुद्रात हरवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, तिच्या होडीवरचा म्हातारा आचारी, दर बेटावर नवं संकट. तिकडे चित्रकथा अजून छापून येते. तिच्यावरून आपण पाहायचो ते कार्टून केव्हाच बंद झालं, आता सगळं पहिल्यापासून नव्याने काढलंय.

आखातातल्या आपल्या अल रय्यानच्या फ्लॅटमधली शुक्रवारची, सुट्टीची सकाळ. आई पोहे परततेय, तुम्ही सतरंजीवर बसलाय, आणि मी टीव्हीवर खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचून तुम्हाला मराठीत सांगतेय. इंग्रजी तुम्हाला माझ्याहून चांगलं येत होतं. पण एरवी मी तुम्हाला इंग्रजीतच उत्तरं द्यायचे, म्हणून हा एक तास तुम्ही मराठीसाठी राखून ठेवला होता. "लढाई राहू दे," तुम्ही म्हणता, "आचारी आज काय करतोय ते सांग." बाकीचे दिवस तुम्ही फुटबॉल वर्ल्ड कपसाठी बांधत असलेल्या स्टेडियमवर सेफ्टी इंजिनियर.

आचारी मेला त्या शुक्रवारी मी हुंदके देत होते. तुम्ही उठून टीव्ही बंद केलात. "चित्र आहे ते. चित्रासाठी एवढं रडायचं नसतं." तुमचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. आईने संध्याकाळी सांगितलं, आदल्या दिवशी साइटवर बीडकडचा एक वेल्डर उंचावरून पडून गेला होता. त्याने बेल्ट लावला नव्हता, एवढंच तुम्ही म्हणावं अशी मॅनेजरची इच्छा होती. तुम्ही म्हणालात, बेल्ट होता, तो अडकवायला दोर नव्हता, आणि दोर मी मागत होतो. वेल्डरच्या भावाला गावी फोन करूनही तुम्ही तेच सांगितलंत.

मग तुम्हाला अल खोरकडच्या एका लहान कामावर टाकलं. कंपनीचा फ्लॅट गेला. मी आणि आई नाशिकला निघालो तेव्हा विमानतळावर तुम्ही त्या चित्रकथेचा पहिला भाग माझ्या हातात ठेवलात. "हे उजवीकडून वाचतात ना?" एवढंच विचारलंत. त्याच वर्षी एका सकाळी तुम्ही तिथल्या खोलीत झोपेतून उठलाच नाहीत.

तुमच्या शवपेटीबरोबर तुमच्या खोलीत राहणारे ड्रायव्हरकाका आले होते, साताऱ्याकडचे. चहाचा कप हातात तसाच धरून मला म्हणाले, "साहेब दर शुक्रवारी आम्हाला ती जपानी स्टोरी सांगायचे. आचारी लई भारी माणूस. आता कुठल्या बेटावर पोचला असंल?"

तुमच्या गोष्टीत तो जिवंत होता. तुम्ही त्याला बेटामागून बेट पुढे नेत होतात.

"पुढच्या बेटावर," मी म्हणाले. "तिथे थंडी आहे. सूप करतोय." काकांनी मान हलवली. आई उठून आत गेली.

वर्ल्ड कप सुरू झाला तेव्हा तिने घरात टीव्ही लावू दिला नाही. मीही हट्ट केला नाही.

खरं सांगू का, मालिका आता फार रेंगाळलीय. त्याच त्या लढाया, काढणाऱ्याचाही हात थकला असावा. बरेच भाग मला आवडत नाहीत. तरी पाहते. ती संपली तर शुक्रवारी काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.